उजेड हीच त्याची भाकर



गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्रीचे दहा वाजून गेले होते. कचेरीतून घरी आणलेल्या बिलांची बेरीज आम्ही तपासत बसलो होतो. एवढ्यात आमचा भाचा दारात येऊन उभा राहिला. भिजलेला होता, पण त्याचे तिकडे लक्षच नव्हते.

"मामा, ते फूल मरायलंय. अन् मालक म्हणतेत, मेलं तर तुझ्या पगारातून कापीन."

"कोणतं फूल रे?"

"दवाखान्यातलं. काचेच्या टाकीतलं. समुद्राचं."

आमचा हा भाचा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षापर्यंत शिकला. पुढे घरची ओढाताण झाली आणि शिक्षण सुटले. बीड शहरात शोभेचे मासे विकणाऱ्या एका दुकानात तो आठ हजारांवर कामाला आहे. दुकानात बसण्यापेक्षा त्याचे फिरणेच जास्त. कुणाच्या हॉटेलातली टाकी धू, कुणाच्या बंगल्यातले पाणी बदल, असे त्याचे काम. एका खाजगी दवाखान्यात, पेशंट बसतात त्या खोलीत, खाऱ्या पाण्याची टाकी बसवलेली आहे. त्यात नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन मासे आणि एक समुद्रफूल. त्या एका समुद्रफुलाची किंमत साडेचार हजार. म्हणजे पोराचा निम्म्याहून जास्त पगार. बहिणीचे घर त्या पगारावर चालते, हे आम्हांला माहीत होते. त्यामुळे बिले बाजूला सारली आणि त्याला म्हटले, "उद्या रविवार आहे. आपण दोघं जाऊन बघू."

सकाळी गेलो. बाकावर खेड्यापाड्यांतून आलेली माणसे बसली होती. दोन-तीन पोरे काचेला नाक लावून "निमो, निमो" करत होती. २००३ साली आलेल्या कार्टूनच्या सिनेमामुळे हा मासा पोरांना नावानिशी ठाऊक झाला आहे. खाली दगडाला चिकटून ते समुद्रफूल होते. बोटभर लांबीचे मऊ हात पसरलेले आणि रंग धुतल्या कापसासारखा पांढराशुभ्र. शेजारी उभा असलेला वॉचमन कौतुकाने म्हणाला, "साहेब, आणलं तवा मळकट होतं. आता बघा कसं स्वच्छ दिसायलंय."

खरे सांगायचे तर आम्हांलाही ते सुंदरच वाटले. भाचा मात्र हळूच म्हणाला, "मामा, ते मळकट नव्हतं. बदामी होतं. तोच त्याचा खरा रंग. हे पांढरं पडणं म्हणजे दुखणं आहे."

त्या दिवसापासून आम्ही दोघांनी या विषयाचा पिच्छा पुरवला. मिळेल ते वाचले, पुण्या-मुंबईला टाक्या सांभाळणाऱ्यांना भाच्याने फोन केले. त्यातून जे कळले ते वाचकांपुढे ठेवावे म्हणून आजचा हा लेख. समुद्र आपल्या जिल्ह्यापासून शेकडो किलोमीटर दूर आहे, आपला त्याच्याशी काय संबंध, असे कोणी म्हणेल. पण समुद्राचा जीव बीडात आणला गेला आहे, आणि त्याला सांभाळायचे काम आपल्याच पोरांकडे आले आहे. तेव्हा संबंध आहेच.

पहिली गोष्ट अशी की समुद्रफूल हे फूल नव्हे. तो प्राणी आहे. त्याला हाड नाही, डोळे नाहीत, मेंदू नाही. नळीसारखे अंग, खाली दगडाला धरून बसणारा तळवा, वर तोंड आणि तोंडाभोवती हातांचे कडे. खाणे आत जाते त्याच वाटेने निरुपयोगी भाग बाहेर पडतो. हातांमध्ये डोळ्यांना न दिसणाऱ्या दंश करणाऱ्या पेशी असतात. लहान मासा किंवा कोळंबी जवळ आली की त्या डसतात आणि भक्ष्य तोंडाकडे सरकवले जाते. प्रवाळ आणि जेलीफिश हे त्याचे भाऊबंद. जगात समुद्रफुलांच्या हजाराहून अधिक जाती आहेत, पण त्या पट्टेवाल्या माशाला आपल्या हातांत आसरा देणाऱ्या जाती अवघ्या दहा. माशाच्या अंगावरच्या चिकट थरामुळे त्याला दंश बाधत नाही. समुद्रफूल माशाला शत्रूपासून वाचवते आणि मासा समुद्रफुलाला खाऊ पाहणाऱ्यांना हाकलतो. मासा जे टाकतो त्याचेही समुद्रफुलाला खत होते.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. मासा राहतो तो बाहेर. समुद्रफुलाच्या कातडीच्या आत आणखी एक भाडेकरू राहतो. तो म्हणजे अतिसूक्ष्म शेवाळ. ते इतके बारीक की सूक्ष्मदर्शकाखालीच दिसावे. झाडाचे पान जसे उन्हात आपले अन्न तयार करते, तसे हे शेवाळ उजेडात साखर तयार करते आणि तिचा मोठा वाटा घरमालकाला देते. समुद्रफुलाचा बदामी किंवा हिरवट रंग या शेवाळाचा असतो. हातांनी पकडलेली कोळंबी हे त्याचे वरकड खाणे, सणावारासारखे. रोजची भाकर उजेडातून येते.

उजेड कमी पडला की शेवाळाला साखर तयार करता येत नाही. शेवाळ कमी होत जाते, किंवा समुद्रफूलच त्याला बाहेर टाकते. मग उरते ते नुसते पांढरे कातडे. त्या अवस्थेत ते आठवड्यांनी, महिन्यांनी हळूहळू खंगत जाते. आवाज नाही, तडफड नाही. आणि पाहणारा म्हणतो, किती स्वच्छ दिसायलंय!

आता कोणी विचारेल, दवाखान्यात तर दिवसभर झगझगीत उजेड होता, मग उपासमार कशी झाली? आम्हांलाही हाच प्रश्न पडला होता. याचे उत्तर आपल्या डोळ्यांत आहे. भर दुपारच्या उन्हाचा उजेड मोजला तर तो सुमारे एक लाख लक्स भरतो. ट्यूबलाईट लावलेल्या खोलीत तो दोन-तीनशे लक्स असतो. म्हणजे तीनशे ते पाचशे पटींचा फरक. पण आपल्या डोळ्याची बाहुली उन्हात बारीक होते, घरात मोठी होते, आणि दोन्ही ठिकाणी आपल्याला 'उजेड आहे' असेच वाटते. डोळ्याला भागते, पोटाला भागत नाही. शेवाळाला बाहुली नाही. त्याला मिळेल तेवढाच उजेड मिळतो.

शिवाय रंगाचाही प्रश्न आहे. आपल्या डोळ्याला पिवळट-हिरवा उजेड सर्वांत चांगला दिसतो आणि घरातले दिवे त्याच बेताने केलेले असतात. समुद्राचे पाणी मात्र तांबडा उजेड वरच्या काही मीटरांतच गिळून टाकते. खोलवर पोचतो तो निळा. म्हणून ही शेवाळे निळ्या उजेडावर जास्त काम करतात. समुद्री टाकीचे खास दिवे निळसर का दिसतात, त्याचे कारण हे आहे. पण म्हणून निळा झिरो बल्ब लावून भागत नाही. त्याचा रंग निळा असतो, पण जोर नसतो. रंग आणि जोर दोन्ही लागतात.

इतके समजल्यावर आम्ही भाच्याला विचारले, "अरे, पण आणलं तेव्हा बरं होतं ना? मग बिघडलं केव्हा?"

तो गप्प झाला. मग म्हणाला, "वही बघावी लागंल."

इथे थोडे मागे जाऊन सांगितले पाहिजे. तो कामाला लागला तेव्हा आम्ही त्याला दोनशे पानी वही दिली होती. आम्ही पडलो कारकून. आमचा विश्वास कागदावर. त्याला एवढेच म्हटले होते, "रोज कुठं गेलास, काय पाहिलंस, काय केलंस, कुणाला काय सांगितलंस, तारखेनिशी लिहीत जा. तोंडी सांगितलेलं हवेत जातं." पोराने ते मनावर घेतले होते.

आता ती वही उघडली. जून महिन्याच्या पानावर त्याच्या बारीक अक्षरात लिहिलेले होते : '३ तारीख. समुद्री टाकीचा दिवा बंद पडला. मालकांना सांगितले.' पुढे, '५ तारीख. दवाखान्याच्या वायरमनने ९ वॅटचा साधा बल्ब लावला. मालकांना सांगितले. ते म्हणाले, उजेड आहे ना, बास झाले.' पुढे, '१६ तारीख. फुलाचा रंग फिका.' त्यापुढे, '२९ तारीख. फूल जागा सोडून वर दिव्याकडे सरकले.' जुलैच्या पानावर पाण्याच्या खारटपणाचे आकडे होते. आधी १.०२५, मग १.०२७, मग १.०२९.

ही पाच-सहा टिपणे वाचली आणि सगळा जमा-खर्च डोळ्यांपुढे उभा राहिला. जमेची बाजू म्हणजे उजेड, तो ३ जूनला बंद झाला. खर्च मात्र रोज चालूच होता. बिचारे समुद्रफूल शिल्लक खात होते. इतकेच नव्हे, तर ते उजेड शोधत चालतसुद्धा गेले होते. होय, समुद्रफूल चालते. जागा पटली नाही, उजेड किंवा पाण्याचा प्रवाह मानवला नाही, की तळव्यावर इंच-इंच सरकत दुसरीकडे जाते. पोटासाठी घर सोडून जाणे काय असते, ते ऊसतोडीला जाणाऱ्या आपल्या जिल्ह्याला वेगळे सांगायला नको.

खारटपणा का वाढला, तेही शोधले. टाकीतले पाणी आटते तेव्हा वाफ होऊन जाते ते गोडे पाणी. मीठ मागेच राहते. म्हणून आटलेल्या पाण्याची भर गोड्या पाण्यानेच घालायची असते. भाच्याच्या सुटीच्या दिवशी कोणीतरी 'समुद्राची टाकी आहे' म्हणून मिठाचेच पाणी ओतत होते. चूक साधी, पण मिठावर मीठ चढत गेले.

सोमवारी आम्ही अर्ध्या दिवसाची रजा टाकली. भाच्याला घेऊन दुकानाच्या मालकाकडे गेलो. भांडायला गेलो नाही. वही समोर ठेवली आणि म्हटले, "शेठ, तुम्ही स्वतः वाचा. पोराची चूक निघाली तर पैसे आम्ही भरू."

मालकाने पाने उलटली. ३ तारीख वाचली, ५ तारीख वाचली. बराच वेळ बोलला नाही. तो माणूस वाईट नाही. त्याचेही दुकान उधारीवर चालते. शेवटी म्हणाला, "सांगितलं होतं खरं यानं. माझ्याच ध्यानात राहिलं नाही." मग तिघे मिळून डॉक्टरसाहेबांकडे गेलो. त्यांनीही ऐकून घेतले. म्हणाले, "दिवा म्हणजे शोभेचा, असंच मी समजत होतो. तो औषधासारखा आहे हे मला कुणी सांगितलंच नाही." त्यांनी नवा दिवा मागवायला सांगितला. पगारकपात टळली.

आता पुढची कथा उपयोगाची आहे, म्हणून नीट सांगतो. दुखणेकऱ्याला एकदम पुरणपोळी चालत नाही. तसेच पांढऱ्या पडलेल्या समुद्रफुलावर एकदम जोराचा उजेड सोडला तर उरलेसुरले शेवाळही करपते. भाच्याने युक्ती केली. जुनी मच्छरदाणी कापून तिच्या सहा घड्या दिवा आणि टाकी यांच्यामध्ये ताणून बसवल्या. पहिल्या आठवड्यात रोज चार तास दिवा. मग दर आठवड्याला एक घडी कमी आणि थोडा वेळ जास्त, असे करत रोज नऊ तासांवर आणून थांबवले. दिवा चालू-बंद करण्यासाठी टायमर बसवला, कारण माणूस विसरतो आणि टायमर विसरत नाही. खारटपणा एका दिवसात खाली न आणता पंधरा दिवसांत थोडाथोडा उतरवला. आठवड्यातून दोनदा नखाएवढा कोळंबीचा ताजा तुकडा, मीठ-मसाला काही न लावता, चिमट्याने हातांपाशी नेऊन द्यायचा. मोठा तुकडा दिला तर पचत नाही, ओकून टाकते आणि पाणी सडते.

पहिला महिना काहीच फरक पडला नाही. मालक रोज विचारी, भाचा रोज मान हलवी. दुसऱ्या महिन्यात हातांच्या बुडाशी चहाच्या डागासारखी पुसट छटा दिसली. थंडी पडायला लागली तेव्हा ते निम्मे-अधिक बदामी झाले होते. दोन-तीन हातांची टोके अजून फिकीच आहेत. पण ते जगले.

ज्यांच्या घरात अशी टाकी आहे, किंवा ज्यांची मुले हे काम करतात, त्यांनी पुढील गोष्टी वहीत उतरवून ठेवाव्यात.

दिवा प्रवाळासाठी बनवलेला एलईडी किंवा तशाच कामाच्या टी-फाईव्ह ट्यूबचा असावा. रोज आठ ते दहा तास पुरे. वनस्पतींच्या उपयोगाचा उजेड 'पार' या मापात मोजतात. घरगुती टाकीत जास्त दिसणाऱ्या 'बबल टिप' जातीला साधारण १५० ते ३०० पार उजेड लागतो. तो मोजायचा मीटर महाग असतो, पण मोठ्या शहरांतले काही टाकीवाले भाड्याने किंवा उसना देतात. मीटर नसेल तर समुद्रफुलाचा रंग आणि त्याचे वागणे रोज पाहावे. हात ताठ लांबट होऊन दिव्याकडे ओढू लागले तर उजेड कमी. दगडाच्या सांदीत लपू लागले तर जास्त. रात्रीचा अंधारही त्याला हवाच. दिवसा वीज गेली म्हणून रात्रभर दिवा लावून भरपाई करू नये.

पाणी २४ ते २७ अंशांवर राहिले पाहिजे. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. पाण्यावर पंख्याचा वारा सोडला तर दोन-तीन अंश उतरतात, पण तेवढ्याने उन्हाळा निघत नाही. थंड करायचे यंत्र लागतेच. खारटपणा १.०२५ ते १.०२६. तो मोजायचा हायड्रोमीटर बॅटरीवाल्याकडे असतो त्याच तत्त्वाचा, पण समुद्राच्या पाण्यासाठी वेगळा मिळतो. लिटरला सुमारे ३५ ग्रॅम समुद्री टाकीचे तयार मीठ लागते. स्वयंपाकाचे मीठ चालत नाही. समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम असे बरेच क्षार असतात, ते घरच्या मिठात नाहीत. नळाच्या पाण्यात क्लोरीन, बोअरच्या पाण्यात जडपणा. तेव्हा आरओचे पाणी घ्यावे.

टाकी भरल्या-भरल्या समुद्रफूल आणू नये. टाकी किमान सहा महिने, शक्य तर वर्षभर चालू द्यावी. टाकी पुरती स्थिरस्थावर व्हायला तेवढा काळ लागतो. पंपाच्या तोंडावर जाळी किंवा स्पंज हवाच. चालत निघालेले समुद्रफूल पंपात अडकले तर चिंधड्या होतात आणि त्या सडून सगळी टाकी मरते. माशांच्या आजारावरचे तांबे असलेले औषध या टाकीत कधीही टाकू नये. माशाला ते गुण देईल, समुद्रफुलाला मारील. लोडशेडिंगमध्ये पहिला धोका उजेडाचा नसून श्वासाचा असतो. चार-सहा तासांचा अंधार ते सोसते, पण पाणी हलले नाही तर प्राणवायू संपतो. बॅटरीवर चालणारा छोटा हवेचा पंप जवळ ठेवावा.

आणि काम करणाऱ्या मुलांसाठी खास सूचना. खारे पाणी आणि वीज यांचे वैर आहे. टाकीत हात घालण्यापूर्वी बटण बंद करा. वायर प्लगच्या खाली झोका देऊन मग वर न्या, म्हणजे वायरीवरून ओघळलेले पाणी प्लगात न शिरता खालीच टपकेल. हातमोजे घाला, समुद्रफूल डसते. जिवापेक्षा कोणाची टाकी मोठी नाही.

हे सगळे पाहून आमची धाकटी म्हणाली, "पप्पा, आपल्या घरी पण निमो आणू या ना." आम्ही तिला आणि भाच्याला समोर बसवून हिशेब मांडला. दिवा ६० वॅटचा, नऊ तास. पंप २० वॅटचा, चोवीस तास. थंड करायचे यंत्र १५० वॅटचे, दहा तास धरू. रोजची अडीच युनिटे, महिन्याची पंचाहत्तर. उन्हाळ्यात त्याहून जास्त. टाकी, दिवा, मीठ, आरओ यांचा खर्च वेगळाच. ज्या घरात पिण्याच्या पाण्याची टाकी आठवड्यातून एकदा भरायची असते, तिथे काचेच्या टाकीला आरओचे पाणी कुठून आणायचे? पोरगी हिरमुसली, पण बेरीज तिने स्वतः केली होती, म्हणून समजली. सध्या आमच्या घरी काचेच्या बरणीत चार गप्पी मासे आहेत. त्यांचीही वही आहे. ती धाकटीच लिहिते.

ज्यांना परवडते त्यांनीही घेण्यापूर्वी दुकानदाराला एक प्रश्न जरूर विचारावा. हा जीव समुद्रातून उचललेला आहे, की टाकीतच वाढवलेला? बबल टिप समुद्रफूल स्वतःच्या अंगाचे दोन भाग करून वाढते, त्यामुळे टाकीत तयार झालेले मिळू शकते. पट्टेवाले मासेही आता आपल्या देशात पैदा करतात. केंद्रीय समुद्री मत्स्य संशोधन संस्थेने त्यांची पैदास करून दाखवली आहे, आणि आपल्या राज्यात ऐरोलीला मॅन्ग्रोव्ह फाउंडेशनने शोभेच्या समुद्री माशांचे उबवणी केंद्र उभारले आहे. बी.एस्सी. अर्धवट राहिलेल्या पोरांनी अशा कामांची चौकशी करायला हरकत नाही. आणखी एक. समुद्रफुलाचे भाऊबंद असलेल्या प्रवाळांना २००१ सालापासून वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. शोभेसाठी प्रवाळ घरात ठेवणे हा गुन्हा आहे. 'टाकीत टाकायला छान दिसेल' म्हणून कोणी देऊ केले तरी घेऊ नये.

हे सगळे काचेच्या टाकीपुरतेच आहे असेही नाही. समुद्राचे पाणी फार तापले की प्रवाळही अंगातले शेवाळ बाहेर टाकतात आणि पांढरे पडतात. १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ साली लक्षद्वीपच्या प्रवाळांवर हीच पाळी आली. तिथे नवा दिवा आणून बसवायची सोय नाही.

स्कॉटलंड देशात १८२८ साली जॉन डॅलिएल नावाच्या अभ्यासकाने किनाऱ्यावरून एक समुद्रफूल आणून काचेच्या भांड्यात ठेवले होते. त्याची जात उजेडावर जगणारी नव्हती, पण पाणी आणि घास वेळच्या वेळी लागत होता. डॅलिएल वारले, ते भांडे एकाकडून दुसऱ्याकडे गेले आणि ते समुद्रफूल १८८७ सालापर्यंत जगले. लोक त्याला 'आजी' म्हणत. ज्याला आपण शोभेची वस्तू समजतो, तो नीट सांभाळला तर माणसाएवढे आयुष्य काढणारा जीव आहे. तो आणायचा म्हणजे एक माणूस घरात आणण्यासारखे आहे. भाकरीची सोय आधी, आणणे नंतर.

आमच्या भाच्याने समुद्र कधी पाहिलेला नव्हता. आपल्यापैकी पुष्कळांनी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो ६ डिसेंबरलाच, दादरला, चैत्यभूमीच्या मागे. गेल्या ६ डिसेंबरला तोही आमच्याबरोबर आला. अभिवादन झाले, पुस्तके घेतली. दुसऱ्या दिवशी त्याने हट्टच धरला, म्हणून ओहोटीची वेळ विचारून आम्ही खडकाळ किनारा गाठला. दगडांच्या खळग्यांत साचलेल्या पाण्यात तो तासभर वाकून पाहत होता. एकदम ओरडला, "मामा, हे बघा!" बटणाएवढी इवलीशी समुद्रफुले, काही उघडी, काही पाणी नसल्यामुळे मिटून बसलेली. शेजारी उभ्या असलेल्या पोराने काडीने टोचायला हात पुढे केला, तर आमच्या भाच्याने त्याचा हात धरला आणि त्याला सगळे समजावून सांगितले. ते फूल नाही, प्राणी आहे. इथून पुढे सगळे. ते पोर आणि त्याचे आईबाप ऐकत उभे राहिले.

गाडीत बसल्यावर त्याने वही काढली. तारीख घातली, जागेचे नाव घातले. 'उजेड' या रकान्यात काय लिहावे, याचा थोडा विचार केला. मग लिहिले, 'ऊन'.